परवाना नसलेले सॉफ्टवेअर आणि कंपनीची कायदेशीर जबाबदारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारखान्यात नवे यंत्र घेताना पावती, हमीपत्र आणि देखभालीचा करार जपून ठेवणारे मालक, त्याच यंत्राचे आरेखन ज्या सॉफ्टवेअरवर होते त्याचा परवाना कुठे आहे असे विचारले, तर बहुधा ‘ते आमचा आयटीवाला बघतो’ असे उत्तर देतात. कायदा मात्र हा प्रश्न धंदा चालवणाऱ्यालाच विचारतो. खाजगी कंपन्या, भागीदारी संस्था, संगणक विक्रेते आणि सॉफ्टवेअर बनवणारे लहान उद्योग यांच्याकडून नेहमी येणाऱ्या शंका येथे भारतीय कायद्याच्या आधारे घेतल्या आहेत. प्रत्यक्ष नोटीस किंवा फिर्याद आली असेल, तर वकिलाचा सल्ला घेणे अपरिहार्य आहे.

आमच्याकडे क्रॅक केलेले (म्हणजे संरक्षक कुलूप तोडून फुकट चालवलेले) सॉफ्टवेअर एकही नाही. तरीही आम्ही अडचणीत येऊ शकतो का?

होय. माझ्या पाहण्यात प्रामाणिक माणसे सर्वांत जास्त अडखळतात ती इथेच. परवाना म्हणजे मालकी नव्हे. ठरावीक माणसांनी, ठरावीक यंत्रांवर, ठरावीक कामासाठी वापरण्याची ती परवानगी असते, आणि त्या परवानगीच्या बाहेरचा वापर हा परवाना नसलेलाच वापर ठरतो. पाच जणांचा परवाना घेऊन बारा संगणकांवर तेच सॉफ्टवेअर बसवणे, विद्यार्थ्यांसाठी सवलतीत मिळालेली आवृत्ती घेऊन आलेल्या नव्या अभियंत्याला तीच कार्यालयात वापरू देणे, चाचणीची मुदत संपल्यावर तारीख मागे घेऊन काम चालू ठेवणे, एकाच्या नावाचे लॉगिन तीन पाळ्यांत तीन माणसांनी वापरणे, जुन्या संगणकासोबत आलेला आणि त्याच संगणकाला बांधलेला परवाना नव्या संगणकावर नेणे, हे सगळे त्यात येते.

‘फुकट आहे’ या शब्दाचीही नीट चौकशी करावी लागते. अनेक उत्पादने घरगुती वापरासाठी मोफत आणि व्यवसायासाठी सशुल्क असतात. डॉकर डेस्कटॉप हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचे साधन लहान कंपन्यांना मोफत आहे. पण कर्मचारीसंख्या २५० वर किंवा वार्षिक उलाढाल १ कोटी डॉलरवर गेली, की वर्गणी भरावी लागते. ओरॅकल कंपनीने जानेवारी २०२३ पासून जावा या आपल्या प्रोग्रॅमिंग प्रणालीच्या व्यावसायिक वर्गणीचा हिशेब कंपनीच्या एकूण कर्मचारीसंख्येशी जोडला. म्हणजे कंपनीने स्वतः काही न बदलताही, ती केवळ वाढली किंवा अटी बदलल्या म्हणून, कालचा वैध वापर आज अवैध होऊ शकतो.

सॉफ्टवेअरला कोणता कायदा लागू होतो?

मुख्यतः कॉपीराइट अधिनियम, १९५७. १९८४ च्या दुरुस्तीने संगणक आज्ञावलीचा (प्रोग्रॅमचा) समावेश ‘साहित्यकृती’त झाला, आणि १९९४ च्या दुरुस्तीने, जी १० मे १९९५ पासून लागू झाली, बेकायदा प्रतीच्या वापरासाठी कलम ६३-ब हे स्वतंत्र कलम आले. इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणे हेही या कायद्यानुसार प्रत करणेच आहे. त्यामुळे संगणकावर सॉफ्टवेअर बसवण्याची कृतीच परवानगी मागणारी कृती ठरते. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५-अ आणले. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने संरक्षक कुलूप तोडले, तर दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. डाँगलची (सॉफ्टवेअर चालावे म्हणून संगणकाला जोडावा लागणाऱ्या छोट्या उपकरणाची) नक्कल करणे किंवा क्रॅकची फाइल चालवणे या गोष्टी या कलमाच्या कक्षेत येतात.

केवळ वापरणे आणि इतरांना देणे यांत कायदा फरक करतो का?

करतो, आणि तो फरक मोठा आहे. बेकायदा प्रत आहे हे माहीत असताना ती संगणकावर वापरणाऱ्यास कलम ६३-बप्रमाणे किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. वापर धंद्यासाठी किंवा फायद्यासाठी नसेल, तर न्यायालय कारणे नोंदवून कारावास न देता केवळ ५० हजारांपर्यंत दंड करू शकते. परंतु कंपनीच्या कार्यालयातील संगणकाबाबत ही सवलत मागणे जवळजवळ अशक्य आहे.

प्रती करून विकणे, वाटणे, भाड्याने देणे किंवा अशा कृत्याला साहाय्य करणे यासाठी कलम ६३ आहे. तेथे किमान शिक्षाच सहा महिन्यांची, कमाल तीन वर्षांची आणि दंड ५० हजार ते २ लाख रुपयांचा आहे. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास कलम ६३-अ प्रमाणे किमान शिक्षा एक वर्षावर आणि किमान दंड १ लाखावर जातो. ‘साहाय्य’ हा शब्द नजरेआड करू नये. मुख्य कार्यालयातून सगळ्या शाखांना एखाद्या सॉफ्टवेअरची एकच परवाना-किल्ली (सांकेतिक क्रमांक) पाठवणारा व्यवस्थापक स्वतः ते सॉफ्टवेअर कधीही उघडत नसला, तरी या शब्दामुळे अडकू शकतो.

हा गुन्हा जामीनपात्र आहे का? पोलीस थेट कारवाई करू शकतात का?

याबाबत उच्च न्यायालयांत अनेक वर्षे मतभेद होते. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२२ रोजी निट प्रो इंटरनॅशनलच्या प्रकरणात कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचा निर्णय दिला. तीन वर्षांपर्यंतची शिक्षा हा त्या निर्णयाचा आधार आहे, आणि कलम ६३-ब मध्येही कमाल मर्यादा तीच आहे. कलम ६४ प्रमाणे उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय बेकायदा प्रती आणि त्या तयार करण्याची साधने जप्त करू शकतो. जप्त वस्तूंवर आपला हक्क आहे असे ज्याचे म्हणणे असेल, त्याने पंधरा दिवसांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा असतो.

अजामीनपात्र म्हणजे अटक ठरलेलीच, असे मात्र समजू नये. सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावले आहे, आणि अटकेची गरज नसेल तेव्हा हजर राहण्याची नोटीस देण्याची तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे.

कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती आहे. मग संचालकांवर गुन्हा कसा येतो?

कलम ६९ मुळे. या कलमाची रचना समजून घेतली, तर पुढची बरीच उत्तरे आपोआप मिळतात. गुन्हा कंपनीकडून घडला, की कंपनी तर दोषी असतेच. शिवाय त्या वेळी कंपनीच्या व्यवसायाचा कारभार ज्याच्या हाती होता आणि त्याबद्दल जो कंपनीला उत्तरदायी होता, तोही दोषी मानला जातो. त्याला सुटका दोनच मार्गांनी मिळते : गुन्हा आपल्याला माहीत नसताना घडला हे दाखवून, किंवा तो घडू नये म्हणून आपण योग्य ती सर्व दक्षता घेतली होती हे दाखवून. हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर आहे. याच कलमाचा दुसरा भाग आणखी व्यापक आहे. संचालक, व्यवस्थापक, सचिव किंवा अन्य अधिकाऱ्याच्या संमतीने, कानाडोळ्याने किंवा निष्काळजीपणामुळे गुन्हा घडला असे सिद्ध झाले, तर तोही शिक्षेस पात्र ठरतो.

‘कंपनी’ या शब्दात भागीदारी संस्था आणि व्यक्तींचा समूह हेही येतात, आणि भागीदार हा ‘संचालक’ समजला जातो. म्हणून ‘आमची कुठे प्रायव्हेट लिमिटेड आहे’ या बोलण्याला येथे अर्थ नाही.

दुसरी बाजूही न्याय्य आहे, ती सांगितली पाहिजे. केवळ नाव संचालक मंडळात आहे म्हणून कोणी आपोआप आरोपी होत नाही. चेक न वटण्याच्या कायद्यात जवळपास याच शब्दांची तरतूद आहे, आणि तिचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये एसएमएस फार्मास्युटिकल्स प्रकरणात असे म्हटले, की संबंधित व्यक्ती कारभारासाठी जबाबदार होती हे फिर्यादीत स्पष्टपणे मांडलेले असले पाहिजे. त्याच कायद्याखाली २०१२ च्या अनिता हाडा प्रकरणात, कंपनीला आरोपी न करता केवळ संचालकांवर खटला चालवता येत नाही असे ठरले. वकील हे निर्णय कलम ६९ च्या संदर्भातही मांडतात. नावापुरत्या संचालकाला त्यांचा आधार मिळू शकतो. रोज कार्यालयात बसून खरेदीला मंजुरी देणाऱ्याला तो फारसा मिळणार नाही.

कर्मचाऱ्याने आम्हाला न विचारता सॉफ्टवेअर टाकले. दोष त्याचाच ना?

त्याचा दोष आहेच, पण प्रश्न तिथे संपत नाही. एका आरेखकाने रविवारी घरून पेनड्राइव्ह आणून काहीतरी टाकले आणि महिन्याभरात तपासणीत ते सापडून काढले गेले, ही एक गोष्ट. त्याच आरेखकाने तीन वर्षे त्याच सॉफ्टवेअरवर ग्राहकांची आरेखने केली, त्यांची बिले निघाली, पैसे खात्यात जमा झाले आणि त्या सॉफ्टवेअरच्या खरेदीची एकही नोंद वहीत नाही, ही अगदी वेगळी गोष्ट. दुसऱ्या स्थितीत ‘माहीत नव्हते’ हे उत्तर न्यायालयाला पटवणे अवघड जाते, कारण काम झाल्याचे माहीत होते आणि खर्च न झाल्याचेही माहीत होते.

दक्षता कागदावर दिसावी लागते. प्रत्येकाला संगणकाचे प्रशासकीय अधिकार न देणे, नेमणूकपत्रात सॉफ्टवेअरविषयी स्पष्ट अट असणे, ठरावीक काळाने तपासणी होणे आणि तिचा अहवाल सही-तारखेनिशी ठेवणे, आणि मुख्य म्हणजे कर्मचाऱ्याने साधन मागितले तेव्हा त्याला ते वेळेत मिळवून देणे. शेवटच्या गोष्टीबद्दल मला फार तीव्रतेने वाटते. परवान्याची मागणी चार वेळा फेटाळून ‘कसंही करून ड्रॉइंग उद्या पाठव’ असे सांगणारा वरिष्ठ आणि नंतर त्या मुलाच्या डोक्यावर खापर फोडणारी कंपनी, हे चित्र मी प्रत्यक्ष पाहिले आहे. त्या मुलाने पाठवलेल्या मागणीच्या ई-मेलच शेवटी कंपनीविरुद्ध सर्वांत बोलका पुरावा ठरल्या.

संगणक विक्रेत्यानेच सगळे टाकून दिले होते. आम्ही तर पैसे मोजले.

फौजदारी जबाबदारीसाठी ‘माहीत असणे’ आवश्यक आहे, त्यामुळे हा बचाव पोकळ नाही. दिवाणी बाजूनेही कलम ५५ असे सांगते, की कृतीला कॉपीराइट आहे हे प्रतिवादीला ठाऊक नव्हते आणि तसे मानण्यास वाजवी कारणही नव्हते असे त्याने सिद्ध केले, तर त्याच्याविरुद्ध मनाई हुकूम आणि नफ्याचा योग्य वाटा इतकेच मिळू शकते. मात्र बाजारात परिचित असलेल्या सॉफ्टवेअरला कॉपीराइटच नाही असे वाटले, हे कोणताही व्यावसायिक म्हणू शकत नाही.

म्हणून बिल पाहावे. त्यावर सॉफ्टवेअरचे नाव, आवृत्ती, परवान्यांची संख्या आणि वेगळी किंमत आहे का? केवळ ‘संगणक, संपूर्ण संच’ असे लिहिले असेल, तर त्या कागदावरून परवाना सिद्ध होत नाही. हजारो रुपयांचे उत्पादन काही शेकड्यांत मिळत असेल, तर संशय यायला हवा होता असाच प्रश्न उलटतपासणीत येईल.

आम्ही सॉफ्टवेअर विकत नाही. मग ‘वितरण’ आम्हाला कसे लागू होईल?

वितरण म्हणजे दुकानात सीडी विकणे, हा समज आता सोडला पाहिजे. संगणक जोडून देणारा विक्रेता ग्राहकाला ‘फ्री’ म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम टाकून देतो, तेव्हा तो वितरण करतो. मायक्रोसॉफ्टने अशाच प्रकारासाठी लावलेल्या एका दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये १९.७५ लाख रुपयांची भरपाई व्याजासह मंजूर केली होती. ग्राहकासाठी सर्व्हर उभारून देणारी कंपनी त्यावर स्वतःच्या परवान्यातील डेटाबेस बसवते, तेव्हाही प्रत दुसऱ्याच्या हाती जाते. आपले सुटे भाग बनवणाऱ्या उपकंत्राटदाराला फाइल उघडता यावी म्हणून आपलेच सॉफ्टवेअर पाठवून देणे, हा औद्योगिक वसाहतींत सर्रास चालणारा प्रकारही याच सदरात मोडतो. भगिनी कंपनीला दिलेली प्रत ही घरातल्या घरात दिलेली प्रत नसते, कारण परवाना ज्या कंपनीच्या नावे आहे तिलाच तो मिळालेला असतो. करारात संलग्न कंपन्यांचा उल्लेख असेल तरच गोष्ट वेगळी.

आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या बाबतीत तिच्या उत्पादनाच्या पोटात दडलेले दुसऱ्याचे घटक असतात. आलेख काढणारा, अहवाल छापणारा किंवा पीडीएफ तयार करणारा एखादा घटक विकासाच्या काळात चाचणी-परवान्यावर घेतला जातो, मुदतीच्या घाईत तसाच राहतो आणि उत्पादनाबरोबर शेकडो ग्राहकांकडे जातो. अशा वेळी मूळ हक्कदाराचा दावा येतोच. शिवाय विक्रीच्या करारात ‘या उत्पादनात कोणाच्याही हक्कांचा भंग नाही’ अशी हमी आणि नुकसान भरून देण्याचे कलम असल्याने ग्राहकही दारात उभा राहतो.

मुक्त स्रोत (ओपन सोर्स) सॉफ्टवेअरला परवाना लागत नाही ना?

लागतो, आणि तो असतोच. फक्त पैशांऐवजी तो अटी घालतो. जीएनयू सार्वजनिक परवाना (जीपीएल) या प्रसिद्ध मुक्त परवान्याखालील आज्ञावली कंपनीत स्वतःपुरती वापरण्यास हरकत नसते, पण ती बदलून किंवा आपल्या उत्पादनात गुंफून दुसऱ्याला दिली, की अशा रीतीने तयार झालेल्या आज्ञावलीचा स्रोतही (सोर्स कोड) देण्याची अट लागू होते. अट मोडली की परवानगी संपते. अमेरिकेत फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने २००८ मध्ये सिस्कोवर याच कारणासाठी दावा लावला होता आणि २००९ मध्ये तो तडजोडीने मिटला. एमआयटी किंवा अपाचे यांसारखे परवाने सैल आहेत, तरी मूळ कर्त्याची सूचना काढून टाकण्याची मुभा तेही देत नाहीत.

फाँटसाठीही परवाना लागतो?

हो. डिजिटल फाँटची फाइल सॉफ्टवेअरसारखीच परवान्यावर दिली जाते. मराठी छपाईच्या कामात वर्षानुवर्षे डाँगलवर चालणारी देवनागरी पॅकेजे वापरली गेली, आणि मजकुराबरोबर फाँटची फाइलही छापखान्याला पाठवून देण्याची सवय त्यातूनच लागली. ती सवय मोडावी. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’, गूगलचा ‘नोटो’ यांसारखे उत्तम देवनागरी फाँट मुक्त परवान्यावर उपलब्ध आहेत आणि व्यावसायिक कामालाही चालतात, हे अजून अनेक डीटीपी चालकांना माहीत नाही.

सुरक्षिततेसाठी प्रत काढून ठेवणे गुन्हा आहे का?

नाही. कायदेशीररीत्या प्रत बाळगणाऱ्याने हानीपासून तात्पुरत्या संरक्षणासाठी काढलेली प्रत कलम ५२ नुसार भंग ठरत नाही. मात्र ती दुसऱ्या संगणकावर बसवून कामाला लावली, की ते संरक्षण संपते.

न्यायालयाचा माणूस अचानक कार्यालयात येऊ शकतो का?

येऊ शकतो. सॉफ्टवेअर काही मिनिटांत पुसता येते, म्हणून प्रतिवादीला आधी न कळवता तपासणीचा आदेश देण्याची गरज न्यायालयांनी मान्य केली आहे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २००८ मध्ये ऑटोडेस्कच्या प्रकरणात स्थानिक आयुक्त (न्यायालयाच्या वतीने जागेवर जाऊन तपासणी करणारी व्यक्ती) नेमण्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे सांगितली. मुंबई उच्च न्यायालयात हे काम बहुधा कोर्ट रिसीव्हर या न्यायालयाच्या अधिकाऱ्याकडे सोपवले जाते. अशा वेळी आदेशाची प्रत मागून वाचावी, वकिलाला बोलवावे, तपासणीस अडथळा आणू नये, आणि नोंदीत काही चुकीचे लिहिले जात असेल तर आपला आक्षेप त्याच कागदावर लिहून घेण्याची विनंती करावी. संगणक बंद करणे किंवा फाइली पुसणे हा स्वतःच्या पायावर धोंडा आहे, कारण मूळ आरोपात न्यायालयाच्या अवमानाची भर पडते.

हक्कदार कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. आता काय करावे?

पहिली गोष्ट, काहीही पुसू नये. अनेक सॉफ्टवेअर स्वतःच्या वापराची माहिती इंटरनेटवरून उत्पादकाकडे पाठवतात. नोटिशीत तारखा आणि यंत्रांचे क्रमांक असतील, तर ते तिथूनच आलेले असतात. नोटीस मिळाल्यावर केलेली साफसफाई तारखेसह दिसते आणि ‘माहीत नव्हते’ हा बचावही तिच्याबरोबर जातो. दुसरी गोष्ट, पाठवणाऱ्याकडे खरोखर अधिकार आहे का ते पाहावे. अधिकारपत्र मागणे उद्धटपणाचे नाही. नोटीस निराधार असेल, तर कलम ६० प्रमाणे अशा धमकीविरुद्ध आपण स्वतःच दावा लावू शकतो. तिसरी गोष्ट, सोबत आलेला ‘स्वयं-तपासणी’चा तक्ता भरून पाठवण्यापूर्वी वकिलाला दाखवावा, कारण तो लेखी कबुलीजबाब ठरू शकतो. अर्थात आपल्या परवाना-करारात तपासणीचे कलम असेल, तर सहकार्याचे बंधन आपण आधीच स्वीकारलेले असते.

घाईने नवे परवाने विकत घेतल्याने पुढचा वापर वैध होतो, मागचा होत नाही. म्हणून तडजोड करताना मागील वापराबद्दल कंपनी, तिचे संचालक आणि संलग्न संस्था यांच्याविरुद्ध दावा व फिर्याद करणार नाही, असे स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे. तातडीचा अंतरिम आदेश मागितला नसेल, तर वाणिज्य न्यायालय अधिनियमाच्या कलम १२-अ प्रमाणे दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे; ही संधी लहान कंपन्यांनी मनापासून घ्यावी. गुन्हा नोंदला गेला असेल, तर मात्र आपापसांत मिटवून भागत नाही. तो रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते.

आम्ही निर्यात करतो. परदेशात याचा काही परिणाम होतो का?

होतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने २०११ मध्ये असा कायदा केला, की चोरीचे सॉफ्टवेअर वापरून बनवलेला माल त्या राज्यात विकणाऱ्या उत्पादकावर अनुचित स्पर्धेचा दावा लावता येतो. त्याआधी लेखी नोटीस देऊन सुधारण्याची संधी दिली जाते. मॅसॅच्युसेट्सने २०१२ मध्ये थायलंडच्या एका मासळी निर्यातदाराकडून १० हजार डॉलर वसूल केले, तर कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी जानेवारी २०१३ मध्ये भारतातील एका वस्त्रनिर्यातदारावर अशाच आधाराने दावा दाखल केला. माल कपड्याचा असो वा कोळंबीचा, हिशेब आणि आरेखन कशावर झाले हा प्रश्न तिथवर पोहोचला.

आजपासून सुधारायचे ठरवले, तर सुरुवात कुठून करावी?

मोजणीपासून. प्रत्येक संगणकावर काय बसवले आहे त्याची यादी एका बाजूला आणि बिले, परवाना-पत्रे, वर्गणीच्या पावत्या दुसऱ्या बाजूला ठेवाव्यात. तफावत लगेच दिसते. ही मोजणी शक्यतो वकिलाच्या सल्ल्याने करावी, म्हणजे सापडलेल्या तफावतीचे काय करायचे हे आधीच ठरलेले असेल. मग जे लागत नाही ते काढावे, जे लागते ते विकत घ्यावे, आणि जिथे ऐपत नाही तिथे लिबरऑफिस (कार्यालयीन कामासाठी), क्यूजीआयएस (नकाशांसाठी), इंकस्केप (चित्रांसाठी), फ्रीकॅड (आरेखनासाठी) यांसारखे मुक्त पर्याय प्रामाणिकपणे आजमावावेत. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला मात्र अग्रक्रम द्यावा : १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे आणि लेखापरीक्षकाला त्यावर आपल्या अहवालात लिहावे लागते, त्यामुळे तिथला जुगाड दरवर्षी कोणीतरी तपासणारच आहे. या सगळ्याची जबाबदारी संचालक मंडळाच्या ठरावाने एका नावावर सोपवावी, आणि त्या माणसाला वर्षाच्या अंदाजपत्रकात परवान्यांसाठी वेगळी रक्कम द्यावी.